भाऊसो मामांची गाडी

भाऊसो मामांची गाडी सेलमहून विट्याला आली ती स्वतःच्या चाकांवर आली नाही. एका लांबलचक ट्रकच्या पाठीवर, दोरखंडानं बांधलेली, ताडपत्री पांघरलेली अशी आली. डोळ्याचं पातं लवायच्या आत शंभराच्या वेगाला जाणारी गाडी, आणि तिला आणायला ट्रक लागावा, यातच मला काहीतरी उमगायला हवं होतं. पण मामा जाऊन महिनाच झाला होता आणि मी दुःखात होतो. दुःखात माणूस हिशेब करत नाही.

मामांचं तमिळनाडूत सेलमला सोनं गाळायचं, म्हणजे गलाईचं, दुकान होतं. आमच्या विट्याकडची पुष्कळ माणसं या धंद्यासाठी देशभर पांगलेली असतात. ती तिकडं राहतात आणि बायका इकडं घर सांभाळतात. मामा तिकडं म्हातारे झाले आणि साळूबाई मामी इकडं. मूलबाळ नव्हतं. अखेरच्या काही वर्षांत मामांनी ही जर्मन गाडी घेतली. तिचा फोटो आम्हा सगळ्यांच्या फोनवर होता. गाडी मात्र नात्यातल्या कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

मामीनं मला फोन केला.

"उदय, गाडी आलीया बग. दारात म्हशीवानी उभी हाय. तू घिऊन जा."

"मामी, मला कशाला एवढी गाडी?"

"आन मला कशाला? मला सायकल येत न्हाई. तुझ्यावर त्यांचा जीव हुता, म्हनून तुला सांगतीया. फकस्त वरीसभर इकू नगंस. वर्षश्राद्ध हुंदे, मग काय करायचं ते कर."

मी सांगलीतल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि स्कूटरवरून शाळेत जातो. माझी बायको शिवांजली हिनं सगळं ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला, "ठेवायची कुठं?" मी म्हटलं, "ते बघू." आमच्या संसारातले सगळे मोठे खर्च या दोन शब्दांनी सुरू झालेले आहेत.

विट्याहून सांगलीला येताना तासगावच्या पंपावर पहिला प्रसंग घडला. पेट्रोलच्या झाकणाच्या आत एक पट्टी चिकटवलेली होती. साधं पेट्रोल घालू नये, असं तिच्यावर ठणकावून लिहिलेलं होतं. पंपावरच्या माणसानं ते वाचलं, मग माझ्या शर्टाकडं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "भारीतलं टाकू का?" मी "अर्थात" म्हणालो. त्या एका शब्दासाठी मी त्या महिन्यात बरंच काही सोडून दिलं.

गाडीत समोर एक पडदा होता आणि त्यावर लिटरला किती किलोमीटर पडतात ते मोठ्या आकड्यांत दिसे. स्वतःची अब्रू अशी स्वतःच जाहीर करणारी वस्तू मी आधी पाहिली नव्हती. तासगावच्या पुढं साडेपाच होते. सांगलीत शिरल्यावर, सिग्नलला थांबत थांबत कॉलनीत पोचेपर्यंत चारावर आले. माझी स्कूटर पन्नास देते.

कॉलनीतली माणसं जमली. सगळ्यांनी गाडीभोवती एकेक प्रदक्षिणा घातली. कुणी इंजिनाची ताकद विचारली नाही की किंमत विचारली नाही. शेजारचे महावीर अण्णा, ज्यांचा हळदीचा व्यापार आहे आणि ज्यांच्या शब्दाला आमच्या गल्लीत वजन आहे, त्यांनी चष्मा वर केला आणि गंभीरपणे विचारलं, "सर, ॲव्हरेज किती देती?"

आता चार म्हणून सांगणं शक्य होतं. पण समोर पंधरा-वीस माणसं होती, आणि शिवांजली दारात उभी होती.

"बारा," मी म्हणालो.

अण्णांनी मान हलवली. "एवढ्या इंजिनाला बारा म्हंजे लय झालं की हो." आणि अण्णांच्या तोंडून निघालेली गोष्ट म्हणजे पेठेत फिरलेली गोष्ट. आठवड्याभरात मिरजेहून एक डॉक्टर आले. त्यांच्याकडं हीच गाडी होती आणि ती सहाच्या वर जात नव्हती. ते माझ्याकडं, मी गाडी कशी चालवतो ते शिकायला आले होते. एवढा शिकलेला माणूस समोर वही उघडून बसल्यावर मी तरी काय करणार? मी त्यांना चाकातली हवा, ॲक्सिलरेटरवरचा पायाचा दाब आणि चित्ताची शांती या तीन विषयांवर अर्धा तास सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी आंब्याची पेटी पाठवली. त्यांची गाडी साडेसहा देऊ लागली होती. माझी चारच देत होती.

सल्ल्यांना तोटा नव्हता. पेट्रोल पहाटे भरावं, तेव्हा ते थंड आणि दाट असतं, असं एकानं सांगितलं. टाकी अर्धीच भरावी, भरलेल्या टाकीचं वजन गाडीलाच ओढावं लागतं, असं दुसऱ्यानं सांगितलं. अण्णांचं म्हणणं, गॅसचं किट बसवून टाकावं. मी पुण्याच्या शोरूमला फोन करून तसं विचारलं, तर पलीकडच्या मुलीनं "सर, मी तुम्हाला वरिष्ठांकडे देते" असं म्हणून फोन ठेवला.

आमच्या हेडमास्तरांनी पुतण्याच्या वरातीला गाडी मागितली. हेडमास्तरांना नाही म्हणता येत नाही. वरात दोन तास चालली. बँडच्या मागून गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती, आत नवरदेवाला घाम येऊ नये म्हणून एसी चालू होता. पडद्यावरचा आकडा चारावरून तीनवर, तीनवरून दोनवर उतरत गेला. नवरदेव बोहल्याशी पोचला तेव्हा आकडा एकाच्या खाली होता, आणि बॉनेटवर फुलं चिकटवलेल्या टेपनं निघताना थोडा रंगही सोबत नेला. हेडमास्तरांनी मला टोपी-टॉवेल दिला.

पेट्रोल हा खर्च तरी डोळ्यांना दिसत होता. न दिसणारे फार होते. भाजीवाली मला भाव कमी करेना. "तुमी बी भाव करायला लागला व्हय सर?" असं म्हणून ती मलाच लाज आणी. धुणंभांडी करणाऱ्या मनुबाईंनी पगारवाढ मागितली, आणि मागताना अंगणातल्या गाडीकडं नुसतं पाहिलं. गणपतीच्या वर्गणीची पावती दरवर्षीपेक्षा एका शून्यानं मोठी निघाली. एका नव्या गतिरोधकावर गाडीचा एक टायर फाटला तेव्हा कळलं, की या गाडीचे टायर एकेकटे मिळत नाहीत, जोडीनं घ्यावे लागतात, आणि ते सांगलीत मिळत नाहीत. मी नंतर शिवांजलीला नव्या टायरांची किंमत सांगितली. तिनं पोळी लाटता लाटता विचारलं, "दोन्ही मिळून?" मी म्हटलं, "नाही."

गाडीचा नंबर तमिळनाडूचा होता. त्यामुळं कुठल्याही चौकात मला बाजूला घेण्यात येई. हवालदार आधी हिंदीतून बोलत. मी मराठीतून उत्तर दिलं की त्यांचा संशय वाढे. गाडी माझ्या नावावर करायची तर सेलमच्या ऑफिसचा ना-हरकत दाखला हवा होता. तो आला, पण तमिळमध्ये आला. त्याचं मराठी भाषांतर हवं होतं. स्टेशनजवळ इडलीचा गाडा लावणाऱ्या एका सज्जन माणसानं ते केलं, पण त्यांच्या सहीला किंमत नव्हती म्हणून पुन्हा कोल्हापूरला एका अधिकृत माणसाकडं जावं लागलं. मी स्कूटरवरून गेलो. गाडीनं परवडलं नसतं. शेवटी महाराष्ट्राचा कर भरायचा आला, तो गाडीच्या मूळ किमतीवर. खिडकीतल्या साहेबांनी रक्कम लिहून कागद माझ्याकडं सरकवला आणि आपुलकीनं विचारलं, "काय देते ॲव्हरेज?"

"दहा," मी म्हणालो. मी प्रामाणिकपणाकडं हळूहळू सरकत होतो.

या सगळ्यात मामी अधूनमधून एसटीनं सांगलीला येई. आली की हातपाय धुवायच्या आधी अंगणात जाई आणि मला गाडी उघडायला लावी. मग चालकाच्या शेजारच्या सीटवर बसे, दार लावून घेई आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत राही. इंजिन बंद. मी एकदा काचेवर टकटक करून "एसी लावू का" असं विचारलं. तिनं हातानंच नको म्हटलं. मला वाटे, मी गाडी नीट ठेवलीय की नाही ते ती तपासतेय. म्हणून ती यायच्या आदल्या दिवशी मी गाडी पुसून ठेवत असे.

वर्षश्राद्ध झालं. पंगत उठल्यावर मामी म्हणाली, "आता इक बाबा ती गाडी. तुझं त्वांड वाळाय लागलंय."

गिऱ्हाईक पाचगणीला मिळालं. धैर्यशील नावाचे गृहस्थ, स्ट्रॉबेरीची शेती आणि एक लहानसं हॉटेल. फोनवर किंमत साधारण ठरली. शेवटी त्यांनीही विचारलंच. मी "नऊ" म्हणालो. ते "बरं" म्हणाले. गाडी पाचगणीला नेऊन दाखवायची असं ठरलं. व्यवहाराच्या बोलण्यात आपला माणूस हवा म्हणून महावीर अण्णा सोबत यायला तयार झाले. मामीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मला विट्यावरनं घ्या. म्या बी येते." एवढ्या लांब कशाला, असं मी विचारलं. "बसून काय करू हितं," ती म्हणाली.

विट्याला ती दारात उभीच होती. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. पुढं, माझ्या शेजारी बसली. अण्णा मागं एकटे, ऐसपैस.

मी ठरवलं होतं की शेवटच्या या प्रवासात पेट्रोल जपून वापरायचं. एसी बंद ठेवला. वेग सत्तरच्या वर जाऊ दिला नाही. कराडच्या पुढं हमरस्त्यावर ट्रक आम्हाला मागं टाकत होते. उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या एका ट्रॅक्टरशी आमची बराच वेळ बरोबरी चालली आणि अखेर एका चढावर त्यालाही आमची दया आली असावी, कारण त्यानं हात करून आम्हाला पुढं जायला सांगितलं. एक मोटरसायकलवाला शेजारून जाताना वाकून आत बघून गेला. गाडी बंद पडलीय आणि आम्ही उतारावरून सोडलीय, असं त्याला वाटलं असणार.

"सर, जरा वारं येऊ द्या की," अण्णा मागून म्हणाले.

"काच उघडली तर वाऱ्याचा अडथळा होतो. पेट्रोल जास्त जातं," मी सांगितलं. अण्णा रुमालानं मान पुसत राहिले.

साताऱ्याशी पोचलो तेव्हा मामीनं विचारलं, "हितनं म्याढा कुनीकडं रं?"

"मेढा डावीकडं. पण आपल्याला वाईवरून जायचंय. ते जवळ पडतं."

"बरं," मामी म्हणाली.

वाईच्या पुढं घाट लागला आणि पडद्यावरचा आकडा आमच्या डोळ्यांसमोर घसरू लागला. प्रत्येक वळणावर मी काट्याकडं पाही. पाचगणी दिसायला लागली तसा पेट्रोलचा पिवळा दिवा लागला. मी त्याबद्दल कुणाला काही बोललो नाही, पण मामीनं तो पाहिला.

धैर्यशील चाळिशीचे, उन्हात रापलेले, साध्या चपला घातलेले होते. त्यांनी गाडीला फेरी मारली, बॉनेटवरचा उडालेला रंग अंगठ्यानं चाचपला, इंजिन सुरू करून एकदा जोरात दाबलं. वर्षभरात तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. इंजिन बंद करून ते खाली उतरले.

"सर, खरं ॲव्हरेज किती?"

माझ्या तोंडून 'नऊ' निघणार इतक्यात मामी पुढच्या सीटवरून, उघड्या दारातून म्हणाली, "चार देती. घाटात तीन. म्या वाचतच आलीया."

मामीला अक्षरं फारशी येत नव्हती. आकडे येत होते. गलाईवाल्याची बायको होती ती.

धैर्यशील हसले. "मला ठाऊक होतं मामी. मी नुसतं बघत होतो, सर काय सांगतात ते."

महावीर अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. ते रागावले नव्हते. "सर," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी साऱ्या पेठेत बारा सांगितलंय."

मी बॉनेटवरचा उडालेला रंग निरखू लागलो.

व्यवहार मात्र अडला नाही. उडालेल्या रंगाचे थोडे कमी केले, कागदांवर सह्या झाल्या, पैसे फोनवरून खात्यात आले. चहा झाला. मी किल्ली धैर्यशील यांच्या हातात दिली आणि खांद्यावरून मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आता बस स्टँडवर जायचं आणि सांगलीची गाडी बघायची. मी मामीला हाक मारली. ती अजून सीटवरून उतरली नव्हती.

"आवं, एक इचारू का?" ती धैर्यशीलना म्हणाली. "गाडी तुमचीच झालीया आता. पर माझं म्हायेर म्याढ्याच्या अलीकडं हाय. तितवर सोडशीला का मला?"

धैर्यशीलनी माझ्याकडं पाहिलं. मलाही हे नवीन होतं.

"ह्यांनी गाडी घेतली तवाच म्हनलं हुतं," मामी सांगू लागली, माझ्याकडं न बघता, समोरच्या काचेकडं बघून. "दिवाळीला गाडी घिऊन येतो, तुला गाडीतनं म्याढ्याला न्येतो. दादाच्या दारात उतरवतो. दिवाळी आली की यायचं बसनं. म्हनायचं, साळू, लय पेट्रोल खाती गं, एवढ्या लांबनं न्हाई परवडत. फुडच्या खेपंला. आसं करता करता ऱ्हाऊन गेलं."

गाडी माझ्याकडं आली तेव्हा ती जेमतेम फिरलेली होती. मला वाटलं होतं, मामांनी ती जपली असेल. तेही सेलमला अंगणात गाडी झाकून ठेवत असतील आणि कामाला दुसऱ्या कशावरून तरी जात असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आम्ही दोघं मामा-भाचे एकाच काट्याकडं बघत होतो.

"मामी, मला सांगायचं की," मी म्हणालो. "साताऱ्यातनंच वळलो असतो."

"कसं सांगू? समद्या वाटंनं तुझं ध्यान त्या आकड्यात. लेकराचं त्वांड बगून गप बसले."

माझं वय पंचेचाळीस आहे. अण्णांच्या आणि एका परक्या माणसाच्या देखत मला लेकरू म्हटलं गेलं, आणि त्याबद्दल मला काही वाटलं नाही. दुसऱ्याच गोष्टीबद्दल फार वाटत होतं.

"बसा सर. अण्णा, तुम्ही पण," धैर्यशील म्हणाले आणि चालकाच्या जागी बसले.

त्यांनी पाचगणीच्याच पंपावर टाकी गच्च भरली. भरताना ते आकड्याकडं न बघता पंपावरच्या माणसाशी पावसाचं बोलत होते. मग महाबळेश्वरवरून केळघरच्या घाटानं आम्ही उतरू लागलो. एसी चालू होता. मी पहिल्यांदाच मागच्या सीटवर बसलो होतो. तिथं पाय लांब करता येत होते आणि काहीही ऐकू येत नव्हतं.

"सर, लय आरामशीर हाय वो ही," अण्णा म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"तुमी कवा बसलाच न्हाई व्हय मागं?"

मी बाहेर बघत राहिलो. दरीत भाताची खाचरं होती, आणि ढगांच्या सावल्या त्यांच्यावरून सरकत होत्या. घाट संपून सरळ रस्ता लागला तशी मामी म्हणाली, "जरा पळवा की." धैर्यशीलनी पाय दाबला. आम्ही सगळे सीटच्या पाठीला चिकटलो. मामीनं पदर तोंडाशी धरला होता. ती घाबरली की हसतेय ते मागून कळत नव्हतं, पण पुन्हा वळण आलं आणि वेग कमी झाला तेव्हा ती म्हणाली, "आसं व्हय."

मेढ्याच्या अलीकडं एका वाडीत, डांबरी रस्ता संपतो तिथून थोडं आत, तिच्या भावाचं घर होतं. जोतिबा मामांना फौजेतून निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती. ते ओसरीवर बसून घेवडा निवडत होते. गाडी दारात थांबली तसे काठी टेकत उठले. पुढचं दार उघडून मामी उतरली. लुगडं सारखं केलं आणि उभी राहिली.

"साळू?" म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरला. "तू कशी काय? आन गाडी कुनाची ही?"

खरं सांगायचं तर त्या घडीला या प्रश्नाचं उत्तर सोपं नव्हतं. सरकारी कागदावर गाडी अजून माझ्या नावाची होती. पैसे धैर्यशील यांनी मोजले होते.

"ह्यांची," मामी म्हणाली.

अण्णा चोख व्यापारी माणूस. चुकीची गोष्ट त्यांच्या कानाला खपत नाही. त्यांनी तोंड उघडलं तसा मी त्यांचा दंड धरला. धैर्यशीलच्या हातात किल्ली होती. त्यांनी ती खिशात टाकली.

"व्हय आबा," ते म्हणाले, "त्यांचीच. मी चालवायला आलोय."

जोतिबा मामांनी गाडीकडं, मग बहिणीकडं पाहिलं आणि बराच वेळ मान हलवत राहिले. "दाजींनी सबूद पाळला म्हनायचा," ते म्हणाले. मग आत वळून सुनेला हाक मारली, "पावनं आल्यात गं, च्या टाक. आन त्या डायव्हरला भाईर उभा करू नगंस. त्येला बी आत बोलीव."

मामी आधीच आत गेली होती. तिच्या बोलण्याचा आवाज स्वयंपाकघरातून येत होता. धैर्यशीलनी चपला उंबऱ्याशी काढल्या, डोकं वाकवलं आणि आमच्या मागोमाग आत आले.